ॲस्पिरिनच्या गोळीत बेंझीन नसते

गेल्या महिन्यात वेंगुर्ल्याजवळ आत्याकडे दोन दिवस राहायला गेले होते. जेवणानंतर बडीशेप घ्यावी म्हणून डबा उघडला, तर आत दुमडून ठेवलेली ॲस्पिरिनची चौदा गोळ्यांची अख्खी पट्टी मिळाली. आत्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत गेल्या वर्षी स्टेंट बसवला आहे, आणि ही ७५ मिलिग्रॅमची गोळी रोज जेवणानंतर घ्यायची, मनाने बंद करायची नाही, असे डॉक्टरांनी तिला बजावले आहे. तिने ती अकरा दिवस घेतलेली नव्हती. कारण विचारले, तर तिने उलट मलाच धारेवर धरले. "अगो, तू हीच विद्या शिकवतंस आणि गोळयेत बेंझीन आसा ह्यां तुका म्हायत नाय?"

मी बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिने मोबाइल पुढे केला आणि मी तो संदेश वाचला. त्यानंतरच्या आठवड्यात तोच संदेश मला पालकांच्या गटावरून, गावच्या देवस्थानाच्या गटावरून आणि कोकम सरबताचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एका मैत्रिणीकडून, असा तीनदा आला. मैत्रिणीच्या दोन गिऱ्हाइकांनी त्यापायी मागणी रद्द केली होती. एकेकाला फोनवर समजावून माझा घसा बसला, म्हणून आता लिहून काढते आहे.

संदेशातले म्हणणे थोडक्यात असे आहे. बेंझीनमध्ये तीन दुहेरी बंध असल्याने ते अत्यंत अस्थिर असते आणि पोटातल्या आम्लात फुटून विष बनते. ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल आणि सरबत टिकवण्यासाठी घालतात ते सोडियम बेंझोएट ही बेंझीनचीच निरनिराळी नावे आहेत, तेव्हा ती आजच बंद करावीत. बेंझीनचे वलय, म्हणजे सहा कार्बनांचे कडे, निसर्गात कोठेही नाही, ते फक्त खनिज तेलातून येते. त्याची रचना एका जर्मन माणसाला स्वप्नात दिसली, म्हणजे शास्त्रज्ञांनाही ती नक्की ठाऊक नाही. सरबताच्या बाटलीत बेंझोएटचे बेंझीन होते. आणि शेवटी उपाय असा की, रोज पहाटे कोमट पाण्यात हळद आणि लिंबू घेतले, तर अंगात साठलेली वलये विरघळून जातात.

बेंझीन विषारी आहे, याविषयी माझा वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहे, आणि दीर्घकाळ त्याची वाफ श्वासात गेलेल्या कामगारांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे पुरावे भक्कम आहेत. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांच्या हाती बेंझीन देत नाही, त्याऐवजी टोल्युईन वापरतो, ते याच कारणाने. संदेश लिहिणाऱ्याने हे एक खरे वाक्य उचलले आणि त्याच्या आधारावर उरलेला सगळा डोलारा उभा केला.

सर्वांत घातक मुद्दा गोळीचा, म्हणून तो आधी घेते. बेंझीन हा सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन यांचा रेणू आहे. ८० अंश सेल्सिअसला उकळणारा, पाण्यावर तरंगणारा, पाण्यात जेमतेम विरघळणारा तो एक द्रव आहे. ॲस्पिरिन हा पांढरा स्फटिकी घन पदार्थ आहे. त्याच्या रेणूत सहा कार्बनांचे वलय आहे खरे, पण त्या वलयाच्या एका कोपऱ्याला कार्बोक्झिलिक आम्लाचा गट आणि लगतच्या कोपऱ्याला ऑक्सिजनमार्फत ॲसिटिल गट जोडलेला आहे. रेणूत वलय असणे आणि तो पदार्थ बेंझीन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फणसाच्या लाकडाचा पाट घरात आहे म्हणून कोणी त्यातून गरे काढायला बसत नाही.

गोळी अंगात काय करते, हे पाहिले तर संदेशातले अज्ञान आणखी उघडे पडते. रक्तातल्या चपट्या पेशी, ज्यांना प्लेटलेट म्हणतात, त्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने एकमेकींना चिकटण्याचा निरोप पाठवतात. ॲस्पिरिनचा रेणू आपला ॲसिटिल गट त्या विकराला देऊन टाकतो आणि विकर कायमचा बंद पडतो. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसल्याने ती नवा विकर तयार करू शकत नाही, त्यामुळे तिचे सात ते दहा दिवसांचे आयुष्य संपेपर्यंत परिणाम टिकतो. या सगळ्या व्यवहारात देवघेव होते ती ॲसिटिल गटाची. वलय त्यात कोठेही तुटत नाही. आता हाच हिशेब उलटा करा. गोळी थांबली की रोज थोड्या थोड्या नव्या प्लेटलेट येत जातात, आणि दहा-अकरा दिवसांत रक्तातल्या जवळजवळ सगळ्या प्लेटलेट पुन्हा एकमेकींना चिकटायला मोकळ्या होतात. आत्याचा अकरावा दिवस चालू होता, आणि स्टेंटमध्ये गुठळी होणे म्हणजे काय, हे ज्या घरात घडले आहे त्यांना सांगावे लागत नाही. त्याच संध्याकाळी तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. ते तिला जे बोलले ते मी येथे लिहीत नाही, पण गोळी त्याच रात्री सुरू झाली.

ॲस्पिरिनचे विघटन होते का, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर होकारार्थी आहे, आणि ते कोकणात राहणाऱ्याला पावसाळ्यात नाकाने पडताळून पाहता येते. डब्यात सुट्या ठेवलेल्या जुन्या ॲस्पिरिनच्या गोळ्यांना दमट हवेत व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. ओलाव्याने ॲसिटिल गट सुटतो, त्याचे ॲसिटिक आम्ल होते, आणि मागे सॅलिसिलिक आम्ल उरते. अशी वास येणारी गोळी टाकून द्यावी. परंतु कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसानेही त्या गोळीतले वलय उघडत नाही. कमकुवत जोड तुटतो आणि वलय जसेच्या तसे राहते.

यावरून आपण "तीन दुहेरी बंध म्हणून अस्थिर" या विधानाकडे येतो. हा तर्क मूर्खपणाचा नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. दुहेरी बंध असलेले असंपृक्त संयुग जास्त अभिक्रियाशील असते असे आपणच दहावीत शिकवतो, आणि कागदावर बेंझीनच्या षटकोनात एकाआड एक तीन दुहेरी बंध काढून दाखवतो. संदेशकर्ता तेथेच थांबला. एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञही येथेच अडखळले होते, फक्त त्यांनी अडखळल्यावर प्रयोग केले.

त्यातला एक प्रयोग मी दरवर्षी करून दाखवते. एका परीक्षानळीत शेंगदाण्याचे तेल आणि दुसरीत टोल्युईन घ्यायचे. टोल्युईन म्हणजे बेंझीनच्या वलयाला एक मिथिल गट जोडलेला पदार्थ. दोन्हींत पिवळट तपकिरी ब्रोमीन पाणी घालून बूच लावून हलवायचे. तेलाच्या नळीतला रंग काही वेळात उडून जातो, कारण तेलातले दुहेरी बंध ब्रोमीनला सामावून घेतात. ही समावेशन अभिक्रिया. दुसऱ्या नळीत खालचे पाणी फिके पडते आणि विद्यार्थी हमखास ओरडतात की, येथेही रंग गेला. मी त्यांना वरच्या थराकडे पाहायला सांगते. ब्रोमीन पाण्यातून निघून वरच्या टोल्युईनमध्ये जाऊन बसलेला असतो, रंग आहे तसाच असतो, फक्त त्याने मजला बदललेला असतो. तीन दुहेरी बंध असूनही वलयाने त्याला हातही लावलेला नसतो. नळी मात्र खिडकीपासून दूर धरावी लागते, कारण उन्हात ब्रोमीन टोल्युईनच्या मिथिल गटावर हल्ला करतो. तेव्हाही तो वलयाच्या शेपटीवर करतो, वलयावर नव्हे. ही शेपटी लक्षात ठेवावी, तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

वलयाला ब्रोमीन घ्यायला लावायचे, तर लोहाचा कीस किंवा फेरिक ब्रोमाइड उत्प्रेरक म्हणून घालावे लागते. नायट्रो गट बसवायचा, तर तीव्र नायट्रिक आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे मिश्रण करून ५० ते ६० अंशांपर्यंत तापवावे लागते. एवढा खटाटोप करूनही काय घडते, तर वलयावरचा एक हायड्रोजन जातो आणि त्याच्या जागी दुसरा पाहुणा येतो. ही प्रतियोजन अभिक्रिया. वलय पुन्हा पूर्ववत होते. कपड्याला लागले तर कापड जाळणारे ९८ टक्क्यांचे सल्फ्युरिक आम्लसुद्धा वलयावर फार तर एक सल्फॉनिक गट बसवते. जठरातल्या ३७ अंशांच्या, पाण्याने पातळ झालेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने ते फुटेल, असे लिहिणाऱ्याने एकदा ही दोन्ही आम्ले शेजारी ठेवून पाहावीत.

ही स्थिरता किती, हे मोजता येते, आणि मोजलेले आहे. सायक्लोहेक्झीन या षटकोनी रेणूत एकच दुहेरी बंध असतो. त्यावर हायड्रोजन बसवला की मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. बेंझीनमध्ये खरोखर तसेच तीन बंध असते, तर तिप्पट म्हणजे ३६० किलोज्यूल मिळायला हवी होती. प्रत्यक्षात मिळते ती सुमारे २०८. जवळजवळ १५० किलोज्यूल उष्णता कमी येते, कारण रेणू मुळातच तितक्या खालच्या ऊर्जेच्या पातळीवर बसलेला असतो. त्याचे कारण असे की, कागदावर काढलेले ते तीन दुहेरी बंध खरे नसतात. सहा इलेक्ट्रॉन सहाही कार्बनांमध्ये सामाईक असतात, सामाईक विहिरीवर जसा एका घराचा हक्क सांगता येत नाही तसे. म्हणून वलयातले सहाही बंध सारख्याच लांबीचे, सुमारे १३९ पिकोमीटरचे आहेत. एकेरी बंध १५४ चा असतो, दुहेरी १३४ चा, आणि बेंझीनचा या दोहोंच्या मधला. समावेशन झाले, तर ही सामाईक व्यवस्था मोडते आणि ते १५० किलोज्यूल गमवावे लागतात. प्रतियोजनात ती शाबूत राहते. बेंझीनच्या बहुतेक सगळ्या अभिक्रियांचे मर्म एवढ्यातच आहे.

स्वप्नाचा मुद्दा लवकर उरकते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख केकुले यांनी वलयाची कल्पना १८६५ मध्ये मांडली, आणि स्वप्नात शेपूट तोंडात धरलेला साप दिसल्याची गोष्ट त्यांनी १८९० मध्ये बर्लिनच्या सत्कारसभेत सांगितली. ती खरी की रंगवलेली, यावर वाद आहेत, पण त्यावर काही अवलंबून नाही. १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी हेक्झामिथिलबेंझीनच्या स्फटिकातून क्ष-किरण पाठवून वलय सपाट असल्याचे दाखवून दिले. क्ष-किरणांना स्वप्ने पडत नाहीत.

निसर्गात वलय नाही, या विधानाचे तर मला कोकणात राहून हसू येते. काजूची बी भाजताना टरफलातून जे तेल उडते आणि हाताची सालटे काढते, त्यातले ॲनाकार्डिक आम्ल म्हणजे लांब शेपटी जोडलेले सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे ॲस्पिरिनचे जवळचे नातलग. हापूस काढताना देठातून उडणाऱ्या ज्या चिकाने ओठ उठतात, त्यातही वलय आहे. कोकमाच्या सालीचा लाल रंग, लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, या सगळ्यांत वलय आहे. फेनिलॲलानिन हे अमिनो आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते बांगड्यातून किंवा डाळीतून घ्यावेच लागते, आणि त्यातही वलय आहे. बेंझीन हे नावसुद्धा तेलविहिरीतून आलेले नाही. लोबान म्हणून आपण जो सुगंधी डिंक निखाऱ्यावर टाकतो, त्याचे अरबी नाव लुबान जावी. युरोपात जाताना त्याचे बेंझोइन झाले, त्यापासून मिळालेले ते बेंझोइक आम्ल, आणि १८३३ च्या सुमारास मिट्शरलिख यांनी ते आम्ल चुन्याबरोबर तापवून जो द्रव मिळवला, त्याला हे नाव चिकटले. तोच द्रव फॅरेडे यांना १८२५ मध्येच दिव्याच्या वायूच्या तेलकट गाळात सापडला होता. उलट ज्याच्या नावात बेंझीन आहे, त्यात वलय असेलच असेही नाही. मुंग्यांसाठी पूर्वी घरोघर फवारली जाणारी बीएचसी पावडर, म्हणजे बेंझीन हेक्झाक्लोराइड, हिच्यात क्लोरीन बसताना वलयाची सामाईक व्यवस्था पार मोडलेली असते. पावडर विषारी आहेच, पण बेंझीनमुळे नव्हे. नावावरून कुळी काढणे रसायनशास्त्रात चालत नाही.

सरबताच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. सोडियम बेंझोएट आणि जीवनसत्त्व क, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, एकाच पेयात असले आणि त्यात तांबे किंवा लोह यांचा अंश असला, तर बेंझोएटमधून कार्बन डायऑक्साइड निघून अत्यल्प बेंझीन तयार होऊ शकते. उष्णता आणि ऊन यांनी ते वाढते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ ते २००७ या काळात जवळपास २०० पेये याच शंकेने तपासली. बहुतेकांत बेंझीन आढळले नाही, किंवा पिण्याच्या पाण्यासाठी तेथे ठरवलेल्या लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या आत आढळले. जी मोजकी पेये त्या मर्यादेबाहेर गेली, त्यांच्या उत्पादकांनी घटक बदलले. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा बाटलीवर दोन्ही नावे असतील तर ती उन्हात ठेवू नये, एवढा बोध रास्त आहे. माझ्या मैत्रिणीच्या सरबतात बेंझोएट आहे, पण ॲस्कॉर्बिक आम्ल वरून घातलेले नाही. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, तर मिठाशिवाय काही घातलेले नसतेच. तरीही मी तिला दुकानाच्या दारात उन्हात मांडलेल्या बाटल्या आत घ्यायला सांगितले, आणि तिने त्या घेतल्या.

बेंझोएट पोटात गेल्यावर मात्र त्याचे बेंझीन होत नाही. कोरडे बेंझोएट सोडालाइमबरोबर, म्हणजे चुना आणि कॉस्टिक सोडा यांच्या मिश्रणाबरोबर, ज्वालेवर चांगले तापवले, तर बेंझीन मिळते. यकृतात ज्वाला नसते. तेथे बेंझोएटच्या आम्लगटाला ग्लायसीन हे अमिनो आम्ल जोडले जाते, त्याचे हिप्युरिक आम्ल होते आणि ते लघवीवाटे निघून जाते. लीबिग यांनी १८२९ मध्ये घोड्याच्या मूत्रात त्याची ओळख पटवली, म्हणून घोड्याच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. ॲस्पिरिनपासून बनलेले सॅलिसिलिक आम्लही बरेचसे याच वाटेने जाते. आता मघाची शेपटी आठवावी. टोल्युईन अंगात गेले, तर यकृत त्याच्या मिथिल गटाला धरते, त्याचे बेंझोइक आम्ल करते आणि तीच ग्लायसीनची वाट दाखवते. नुसत्या बेंझीनला धरायला असा कानच नसतो. मग यकृताला थेट वलयावर ऑक्सिजन चढवावा लागतो, आणि त्यातून पुढे जी फिनॉल, हायड्रोक्विनोन, क्विनोन अशी प्रजा निघते ती अस्थिमज्जेत पोहोचून रक्तपेशींच्या मुळावर उठते. म्हणजे संदेशाच्या अगदी उलट स्थिती आहे. बेंझीन विषारी ठरते ते वलयाला काहीच जोडलेले नसल्यामुळे, आणि ज्याला आम्लगटाचा कान आहे त्या गोळीला शरीर सहज धरून दाराबाहेर नेते.

हळद-लिंबाच्या उपायाला एकच वाक्य पुरे: हळदीतल्या कर्क्युमिनच्या प्रत्येक रेणूत दोन वलये असतात, तेव्हा वलये विरघळवण्यासाठी आत्या अकरा दिवस वलयेच पीत होती.

खरे बेंझीन कोठे आहे, हे संदेशात नाही. ते चुलीच्या आणि विडीच्या धुरात आहे, आणि पेट्रोलमध्ये आहे. भारत स्टेज सहाच्या मानकानुसार पेट्रोलमध्ये आकारमानाने १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालते. एका थेंबाचे आकारमान ०.०५ मिलिलिटर धरले, तर या मर्यादेला त्यात सुमारे ४४० मायक्रोग्रॅम बेंझीन भरते. २०० मिलिलिटरच्या एका सरबताच्या बाटलीत, ती लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या त्या मर्यादेला टेकलेली असली तरी, १ मायक्रोग्रॅम असते. पेट्रोलचा एक थेंब म्हणजे अशा चारशेहून अधिक बाटल्या.

आत्याला तो संदेश तिच्या दिराच्या मुलाने पाठवला होता, काळजीपोटीच. त्याची लहान होडी आहे आणि तिला पेट्रोलवर चालणारे इंजिन आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हे सगळे सांगायला मी किनाऱ्यावर गेले, तेव्हा तो कॅनमध्ये नळी सोडून दुसरे टोक तोंडात धरून पेट्रोल ओढत होता. मला पाहून त्याने तोंडातले थुंकून टाकले, पाण्याने चूळ भरली आणि विचारले, "काकीन गोळी परत चालू केल्यान?" मी हो म्हटले, आणि बाजारातून त्याला हाताने दाबायचा रबरी पंप आणून दिला.